स्क्यूबा निमज्जन प्रशिक्षण

स्क्यूबा निमज्जन प्रशिक्षण : पाठीवर बांधलेल्या टाकीतील दाबयुक्त हवेवर श्वसन करीत पाण्याखाली स्वतंत्रपणे संचार करण्याचे शिक्षण. 'स्क्यूबा' हा शब्द 'स्वयंपूर्ण जलांतर्गत श्वसन उपकरण' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनलेला आहे. शिरस्त्राण घालून नळीवाटे हवा घेणाऱ्या जुन्या पाणबुड्याची हवा, दोर व वेळ यांची काळजी वर नावेत बसलेली माणसे घेत असत. स्क्यूबा पद्धतीत हा आधार नाहीसा झाला आणि ही सर्व कामे पाणबुड्यावरच आली. त्यामुळे या विद्येच्या इतिहासात उपकरणाइतकेच, किंबहुना काही बाबतींत त्याहून अधिक, महत्त्व ती शिकविणाऱ्या प्रशिक्षकाला प्राप्त झाले. उपकरण १९४३ मध्येच पुष्कळसे परिपूर्ण झाले होते. ते कोणी शिकवावे व कसे शिकवावे हे ठरण्यास मात्र पुढील तीन-चार दशके लागली आणि त्या अवधीत अनेकांना प्राण गमवावे लागले.

नवशिक्याला असलेला धोका समजण्यासाठी वायूंविषयीचा एक साधा नियम लक्षात घ्यावा लागतो. रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, तापमान कायम असता वायूचे घनफळ दाबाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. समुद्रात दर १० मी. खोलीला सु. एक वातावरण इतका दाब वाढतो. म्हणजे १० मी. खोलीवर फुप्फुसे भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येईतो दुप्पट होऊ पाहते. ३० मी. वरून २० मी. पर्यंत येताना मात्र ती सु. एक-तृतीयांशानेच वाढते. घनफळातील सर्वांत मोठा फरक असा उथळ पाण्यातच पडतो, आणि नवशिक्याचे शिक्षणही उथळ पाण्यातच होते. वर येताना त्याने श्वास रोखून धरला, तर फुप्फुसांतील नाजूक वायुकोश फाटून हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात व मेंदूतील रक्तप्रवाह अडवितात. या विकाराला वायु-अंतर्कीलन म्हणतात. सु. १·२ मी. खोलीवरून वर येतानाही असा अपघात घडू शकतो. म्हणजे साधा तरणतलावही येथे निर्धोक नसतो. पाण्यात घाबरलेला माणूस नेमका श्वास रोखतो व वर झेप घेतो. जमिनीवर जन्मभर उपयोगी पडलेली ही उपजत प्रतिक्रिया पाण्याखाली घातक ठरते. तिच्या जागी शांतपणे श्वास सोडीत राहण्याची सवय रुजविणे हेच प्रशिक्षकाचे मुख्य काम होय.

इतिहास : फ्रेंच नौदल अधिकारी झाक ईव्ह कूस्तो व अभियंता एमील गान्याँ यांनी १९४३ मध्ये मागणीनुसार हवा सोडणारी स्वयंचलित झडप तयार केली. श्वास घेताना आजूबाजूच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा तोंडात यावी, अशी तिची योजना होती. फ्रान्समध्येच रूक्वेरॉल व देनेरूझ यांनी १८६० नंतरच्या दशकात याच तत्त्वावर उपकरण बनविले होते. परंतु उच्च दाबाची हवा साठविणाऱ्या टाक्या त्या काळी उपलब्ध नव्हत्या. कूस्तो, फिलिप ताय्ये व फ्रेदेरिक द्यूमा या त्रयीला शिकविणारा कोणी नव्हता. पॉल बेर यांनी १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेले वाढीव दाबाच्या परिणामांवरील संशोधन आणि जॉन स्कॉट हॉल्डेन व त्यांचे सहकारी यांनी शेळ्यांवरील प्रयोगांच्या आधारे १९०८ मध्ये प्रसिद्ध केलेली, टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके एवढीच शास्त्रीय शिदोरी त्यांच्यापाशी होती. बाकी सर्व ते स्वतःच्या शरीरावर शिकले. खोल पाण्यात नायट्रोजनामुळे येणाऱ्या गुंगीचा अनुभव त्यांनी असाच घेतला. त्यांचे सहकारी मोरिस फार्ग यांचा सप्टेंबर १९४७ मध्ये सु. १२० मी. खोलीवर अंत झाला. साध्या हवेवर किती खोल जावे याची मर्यादा पुढील विद्यार्थ्यांना पुस्तकात वाचावयास मिळते; ती अशा किमतीवर निश्चित झालेली आहे.

युद्धोत्तर काळात हे उपकरण बाजारात आले. अमेरिकेत १९५० च्या सुमारास ते कोणालाही विकत घेता येत होते आणि वापरणाऱ्याला शिक्षण असावेच, असे बंधन नव्हते. उपकरणाचे यश हेच या टप्प्यावर संकट ठरले. ही झडप इतकी सहजपणे चाले, की पहिल्या पाच मिनिटांतच आपल्याला सर्व काही येते असे नवशिक्याला वाटे. पोहणे न येणारा मनुष्य पाण्यात उतरताच आपले अज्ञान ओळखतो, परंतु येथे ते अडचण येईपर्यंत झाकलेले राहते. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेले कूस्तो यांचे सागराखालील जगावरील पुस्तक, त्याच नावाचा १९५६ चा चित्रपट आणि अमेरिकेतील १९५८–६१ या काळातील 'सी हंट' ही दूरचित्रवाणी मालिका यांमुळे हौशी लोकांची संख्या झपाट्याने वाढली. त्या मानाने जाणत्या शिक्षकांची संख्या अत्यल्प होती.

शिक्षणाची पहिली नीट घडी बसली ती विद्यापीठात. कॅलिफोर्नियातील ला होया येथील स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेत कॉनरॅड लिंबॉ व अँड्रियस रेक्निट्झर या तरुण जीवशास्त्रज्ञांनी १९५० नंतर संशोधकांसाठी पाणबुडेपणाचा अभ्यासक्रम आखला. सागरी जीवांचा अभ्यास करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला आधी पाण्यातील कसोट्या पार कराव्या लागत, एकट्याने उतरण्यास मनाई असे आणि दर वेळी सोबती ठेवावा लागे. या नियमांचा पाया शास्त्रीय होता, आणि शिकविणारा स्वतः रोज पाण्यात काम करणारा असल्यामुळे त्यांना वजनही होते. लॉस अँजेल्स परगण्याच्या उद्यान व मनोरंजन विभागातील ॲल टिलमन आणि त्यांचे सहकारी बेव्ह मॉर्गन व रॅम्झी पार्क्स यांनी लिंबॉ यांच्याकडे शिक्षण घेतले आणि १९५४-५५ च्या सुमारास त्या परगण्यातर्फे सर्वसामान्य नागरिकांसाठी प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याची पद्धत सुरू केली. केवळ पाणबुडे न घडविता पाणबुड्यांचे शिक्षक घडविण्याचे त्यांनी ठरविले, हा या उपक्रमाचा खरा विशेष होय. उत्तम पाणबुडा हा आपोआप उत्तम शिक्षक होत नाही, ही गोष्ट येथे प्रथम व्यवहारात मान्य झाली.

त्या वेळचे शिक्षण कठोर असे. पुष्कळसे शिक्षक नौदलातून किंवा किनाऱ्यावरील जीवरक्षक दलातून आलेले होते व त्यांनी तेथील शिस्त तशीच उचलली. लांब अंतर पोहणे, तलावाच्या तळाशी सर्व उपकरणे उतरवून वर येणे व पुन्हा बुडी मारून ती अंगावर चढविणे, एकाच नळीवर दोघांनी आळीपाळीने श्वास घेणे, असे पाठ त्यात असत. विद्यार्थी तळाशी असता शिक्षकाने अचानक त्याचा मुखवटा ओढणे किंवा हवा बंद करणे, हाही प्रकार रूढ होता. यामागे निव्वळ क्रौर्य नव्हते. टाकीत किती हवा उरली हे दाखविणारा मापक १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत सर्रास वापरात नव्हता. हवा संपत आल्याची जाणीव श्वास जड झाल्यावरच होई व मग राखीव हवेची तार ओढावी लागे. सोबत्यासाठी दुसरी नळी बाळगण्याची चालही पुढे १९७० नंतरच्या दशकात पडली. अशा स्थितीत हवा तुटण्याचा प्रसंग अपवादात्मक नव्हता व त्याची सवय करून देणे योग्यच होते. परंतु या पद्धतीत भित्रा विद्यार्थी गळून जाई आणि जो टिके तो मुळातच धीट असे. तेव्हा शिकविल्यामुळे किती शिकले गेले व निवडीमुळे किती साधले, हे सांगणे कठीण आहे. जुन्या पद्धतीची थोरवी गाणाऱ्यांनी हा भेद सहसा केलेला नाही.

इंग्लंडमध्ये वेगळा मार्ग चोखाळला गेला. ऑस्कर गूगेन व पीटर स्मॉल यांनी ऑक्टोबर १९५३ मध्ये लंडन येथे स्थापन केलेल्या 'ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब' या संस्थेच्या शाखा गावोगावी निघाल्या. तेथे अनुभवी सभासद नव्यांना विनामूल्य शिकवीत. हिवाळाभर स्थानिक तरणतलावात सराव व उन्हाळ्यात थंड, गढूळ समुद्रात किंवा खाणींतील तळ्यांत बुड्या, असा क्रम असल्यामुळे शिक्षण महिनोन्‌महिने चाले. शिक्षक हाच पुढे बुडीतील सोबती असल्याने विद्यार्थी कच्चा राहिला, तर त्याचे फळ शिक्षकालाही भोगावे लागे. याची दुसरी बाजूही होती. शिक्षक निवडण्याची मुभा नव्हती. शाखेचा प्रमुख मनाने मोठा असेल तर शिक्षण उत्तम होई, नाही तर नवागतास टाक्या वाहण्यातच हंगाम काढावा लागे. फ्रान्समध्येही क्लबांची हीच परंपरा दृढ झाली. १९५९ मध्ये मोनॅको येथे विविध देशांच्या संघटनांचा जागतिक महासंघ स्थापन होऊन कूस्तो त्याचे अध्यक्ष झाले. पाणबुडे व प्रशिक्षक या दोहोंना ताऱ्यांच्या संख्येने दर्जा देण्याची या महासंघाची पद्धत पुढे अनेक देशांत मान्य झाली.

अमेरिकेत अंतरे मोठी व क्लब विखुरलेले असल्यामुळे प्रशिक्षकालाच प्रमाणपत्र देणाऱ्या राष्ट्रीय संस्था निघाल्या. टिलमन व नील हेस यांच्या पुढाकाराने ऑगस्ट १९६० मध्ये ह्यूस्टन येथे देशभरातून आलेल्या उमेदवारांची परीक्षा झाली आणि त्यातून 'नॅशनल असोसिएशन ऑफ अंडरवॉटर इन्स्ट्रक्टर्स' ही संस्था उभी राहिली. त्या परीक्षेत सर्वच उमेदवार उत्तीर्ण झाले नाहीत; अनेक वर्षे शिकविणाऱ्यांपैकी काहींना नापास केले गेले, ही गोष्ट संस्थेच्या प्रतिष्ठेला उपकारकच ठरली. त्याच वर्षी मार्चमध्ये या परंपरेचे आद्य शिक्षक लिंबॉ हे फ्रान्समधील कासी गावाजवळच्या पोर मिऊ येथील पाण्याखालच्या गुहेत वाट चुकून मरण पावले. मोकळ्या समुद्रातील त्या काळचा बहुधा सर्वांत जाणता शिक्षक गुहेत मात्र नवखा होता.

१९६६ मध्ये इलिनॉय राज्यात जॉन क्रोनिन व राल्फ एरिक्सन यांनी 'प्रोफेशनल असोसिएशन ऑफ डायव्हिंग इन्स्ट्रक्टर्स' ही संस्था काढली. क्रोनिन हे उपकरणांच्या विक्रीव्यवसायातील, तर एरिक्सन हे पोहण्याचे शिक्षक होते. या दोन वृत्तींचा मेळ संस्थेच्या पुढील धोरणात दिसतो. अभ्यासक्रमाचे लहान लहान भाग पाडणे, प्रत्येक भागाचे साध्य निश्चित करणे आणि विद्यार्थ्याला ते करून दाखविता आले की पुढे जाऊ देणे, ही पद्धत तिने रूढ केली. १९७८ मध्ये तिने सुरू केलेल्या प्राथमिक अभ्यासक्रमात मोकळ्या पाण्यातील चार बुड्यांचा समावेश होता. काही आठवड्यांचे शिक्षण यामुळे काही दिवसांवर आले व सुट्टीवर आलेला प्रवासीही ते पुरे करू लागला.

या बदलावर जुन्या शिक्षकांनी कडाडून टीका केली आणि तो वाद अद्याप शमलेला नाही. लांब अभ्यासक्रमाचा पुष्कळसा वेळ तलावात व फळ्यापुढे जाई आणि समुद्राचा अनुभव एक-दोन बुड्यांपुरताच मिळे, हे टीकाकार विसरतात. दुसऱ्या बाजूस, 'साध्य झाले' असे कधी म्हणावयाचे, हा निर्णय सर्वस्वी प्रशिक्षकावर असतो, हे नव्या पद्धतीचे समर्थक पुरेसे लक्षात घेत नाहीत. मुखवट्यात शिरलेले पाणी नाकाने हवा फुंकून बाहेर काढण्याची क्रिया विद्यार्थ्याने एकदा जेमतेम केली, की नियमाची अक्षरशः पूर्तता होते. सुजाण प्रशिक्षक मात्र ती क्रिया विद्यार्थ्याला कंटाळा येईपर्यंत, पोहता पोहता व बोलाविल्याशिवाय करावयास लावतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील ग्लेन एगस्ट्रॉम यांनी एका नळीवर दोघांनी श्वास घेण्याच्या कौशल्याचा अभ्यास करून असे दाखविले, की एक-दोनदा जमलेली कृती संकटात टिकत नाही. जमल्यानंतरही तिची अनेक आवर्तने व्हावी लागतात. विद्यार्थी चारऐवजी आठ असले व सायंकाळची नाव सुटण्याची वेळ ठरलेली असली, की प्रथम कात्री लागते ती या आवर्तनांना.

अपघातांच्या नोंदींतून याला दुजोरा मिळतो. ऱ्होड आयलंड विद्यापीठात १९७० पासून अमेरिकेतील पाणबुड्यांच्या मृत्यूंची पद्धतशीर नोंद ठेवली जाऊ लागली. बहुसंख्य मृतांच्या कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा तसाच बांधलेला आढळे. एका हाताने सोडता येणारा तो पट्टा प्रत्येकाला शिकविला गेला होता, तरी गरजेच्या क्षणी सोडला गेला नव्हता. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ९४७ मृत्यूंच्या एका विश्लेषणात अपघाताचा प्रारंभ ज्यामुळे झाला अशा ओळखता आलेल्या कारणांपैकी ४१ टक्के हवा कमी पडणे, २० टक्के कशात तरी अडकणे व १५ टक्के उपकरणाचा बिघाड अशी निघाली. म्हणजे यंत्राच्या दोषापेक्षा मापकाकडे वेळेवर न पाहण्याची सवय अधिक घातक ठरली. विस्कॉन्सिन विद्यापीठातील विल्यम मॉर्गन यांनी केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक पाणबुड्यांनी पाण्याखाली एकदा तरी भीतीने भान हरपल्याचे सांगितले. त्यांत अनुभवी लोकही होते. स्वभावतःच चिंताग्रस्त असलेल्या नवशिक्यांत हा धोका अधिक असतो, असेही त्यांनी दाखविले. तेव्हा कोणाला अधिक वेळ द्यावयाचा व कोणाला आज पाण्यात उतरवावयाचेच नाही, हे ओळखणे हा प्रशिक्षकाच्या कसबाचा भाग ठरतो.

प्रशिक्षणातील काही पाठ स्वतःच धोक्याचे असतात. हवा संपल्यास सतत श्वास सोडीत पृष्ठभागावर येण्याच्या पाठात विद्यार्थी दगावल्याची उदाहरणे घडली आणि १९७७ मध्ये अमेरिकेत सागरी वैद्यकाच्या अभ्यासकांनी या एकाच प्रश्नावर खास चर्चासत्र भरविले. पाठ वगळावा, तर खऱ्या प्रसंगी माणूस अप्रशिक्षित राहतो. ठेवावा, तर शिकतानाच अपघाताचा संभव. शिक्षणसंस्थांनी पुढे उभ्याऐवजी आडव्या दिशेने पोहत सराव देणे, वर येताना प्रशिक्षकाने विद्यार्थ्याला धरून ठेवणे असे मध्यम मार्ग काढले. प्रशिक्षकाचा हात विद्यार्थ्याच्या अंगावर आणि नजर त्याच्या ओठांतून निघणाऱ्या बुडबुड्यांवर असणे, यावर या पाठाची सुरक्षितता अवलंबून असते.

फ्लॉरिडातील जलमय गुहांचा अनुभव आणखी बोलका आहे. १९६० व १९७० नंतरच्या दशकांत तेथे शेकडो पाणबुडे मृत्युमुखी पडले व त्यांत मोकळ्या समुद्रात शिकविणारे प्रशिक्षकही होते. गुहांच्या तोंडाशी लावलेल्या इशाऱ्याच्या फलकांवर या गोष्टीचा मुद्दाम उल्लेख असतो. गुहासंशोधक शेक एक्झली यांनी अपघातांची एकेक नोंद तपासून १९७९ मध्ये एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. बाहेरपर्यंत अखंड दोरी नसणे, परतीसाठी दोन-तृतीयांश हवा राखून न ठेवणे व मर्यादेबाहेर खोल जाणे, ही तीन कारणे पुनःपुन्हा आढळतात असे तिच्यात दाखविले होते. पुढे प्रशिक्षणाचा अभाव व अपुरे दिवे यांची भर या यादीत पडली. गुहांतील शिक्षण यानंतर स्वतंत्र झाले. अनुभव एका प्रकारच्या पाण्यातला व अधिकार दुसऱ्या प्रकारच्या पाण्यात, ही अदलाबदल चालत नाही, हे तत्त्व त्यातून सर्वत्र मान्य होत गेले.

अध्यापनपद्धती : उपकरणांतील सुधारणांमुळे शिकविण्याची रीतही बदलली. फ्रान्समध्ये १९६१ च्या सुमारास हवेने फुगविता येणारे छातीवरचे प्लावक निघाले आणि १९७० नंतर जाकिटासारखी प्लावके आली. त्यापूर्वी तरंगण्याचा समतोल केवळ शिशाची वजने व श्वास यांवर साधावा लागे. त्यामुळे विद्यार्थ्यांना तळाशी गुडघ्यांवर ओळीने बसवून शिकविण्याची चाल पडली. उपकरण बदलले तरी ती चाल पुष्कळ ठिकाणी दीर्घकाळ टिकली, कारण गुडघ्यांवर बसलेले आठ जण सांभाळणे प्रशिक्षकाला सोपे जाते. अशा रीतीने शिकलेला विद्यार्थी प्रवाळावर उतरताच पाय टेकावयास जागा शोधतो आणि शतकानुशतके वाढलेली प्रवाळरचना मोडून टाकतो. प्रारंभापासून अधांतरी, आडव्या स्थितीत शिकविण्यास प्रशिक्षकाची स्वतःची प्लावकतेवरील हुकमत फार चांगली असावी लागते. विद्यार्थी पाण्याखाली शब्द ऐकू शकत नाही. तो प्रशिक्षकाच्या हालचाली पाहतो व नकळत त्यांचेच अनुकरण करतो. हात हलवीत तोल सावरणाऱ्या प्रशिक्षकाचे विद्यार्थीही हात हलवीतच पोहतात.

किमान दर्जा ठरविण्याचे प्रयत्न क्रमाने होत गेले. अमेरिकेत १९७२ मध्ये प्राथमिक अभ्यासक्रमातील किमान विषयांविषयीचे राष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. २१ व्या शतकाच्या पहिल्या दशकात आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने पाणबुड्यांच्या पातळ्यांसाठी २४८०१ व प्रशिक्षकांसाठी २४८०२ या क्रमांकांची मानके निश्चित केली. ब्रिटनमध्ये १९९७ च्या विनियमांनी मोबदला घेऊन शिकविणाऱ्या प्रशिक्षकाचे काम हे कायद्याच्या दृष्टीने व्यावसायिक निमज्जन ठरविले. तथापि मानकांनी प्रशिक्षकाने काय शिकवावे हे ठरते. विद्यार्थ्याच्या डोळ्यांतील भीती मुखवट्याच्या काचेतून वेळीच ओळखण्याची क्षमता नियमावलीत घालता येत नाही.

भारत : भारतात हे शिक्षण दीर्घकाळ नौदलापुरते मर्यादित होते; नौदलाचे निमज्जन विद्यालय कोची येथे आहे. गोव्यातील दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने शि. रं. राव यांच्या नेतृत्वाखाली १९८३ पासून द्वारकेच्या समुद्रात उत्खनन सुरू केले, तेव्हा पुरातत्त्वज्ञांना पाणबुडे बनविणे भाग पडले. स्क्रिप्सप्रमाणे येथेही संशोधनाच्या गरजेतून नागरी क्षेत्रात ही विद्या आली. हौशी शिक्षणाची केंद्रे पुढे अंदमानातील हॅवलॉक (२०१८ पासून स्वराज द्वीप), लक्षद्वीप, गोवा व कर्नाटकातील नेत्राणी बेट येथे वाढली. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तारकर्ली येथे राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाने २०१५ मध्ये खास प्रशिक्षण संस्था सुरू केली. तेथील खोल तलावामुळे समुद्रात उतरण्यापूर्वीचे पाठ किनाऱ्यावरच देता येतात.

मालवणच्या किनाऱ्यावर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, तसेच गोव्यातील ग्रँड बेटाजवळ पर्यटकांना अल्पकाळ पाण्याखाली नेऊन आणण्याचा व्यवसाय मोठा आहे. त्यात मार्गदर्शक टाकीला धरून पर्यटकाला फिरवितो. पर्यटकाने श्वास घेत राहावे व खुणा ओळखाव्यात, एवढीच अपेक्षा असते. हा अनुभव म्हणजे प्रशिक्षण नव्हे. परंतु बहुसंख्य मराठी माणसांची या विद्येशी पहिली ओळख याच मार्गाने होते व ती शेवटची ठरावी की नाही, हे त्या अर्ध्या तासात ठरते. उतरण्यापूर्वी कानांवरील दाब नाक चिमटीत धरून कसा सारखा करावा हे मार्गदर्शकाने शांतपणे मराठीत समजावून सांगितले, तर दुखणारे कान घेऊन वर येणाऱ्यांची संख्या कमी होते. या व्यवसायातील अनेक मार्गदर्शक मच्छीमार कुटुंबांतील असून प्रवाह, वारा व गढूळपणा यांविषयीचे त्यांचे ज्ञान बाहेरून आलेल्या प्रमाणपत्रधारकाहून अधिक असते. शरीरक्रियेचे व बचावाचे शास्त्र मात्र त्यांना औपचारिक शिक्षणातूनच मिळवावे लागते. पावसाळ्यात, साधारणतः जून ते सप्टेंबर या काळात, कोकण किनाऱ्यावर समुद्रातील बुड्या बंद असतात. मार्गदर्शकांच्या अशा शिक्षणासाठी व उजळणीसाठी हाच काळ सोयीचा असून त्या दृष्टीने तारकर्लीसारख्या ठिकाणच्या तलावाचा उपयोग होऊ शकतो.